रुपया-रुपयाचे शिलास्मारक

कन्याकुमारीच्या धक्क्यावरून सुटलेली बोट काही मिनिटांतच विवेकानंद शिलास्मारकाला लागते. अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. पण लाटा मोठ्या आणि वाऱ्याला जोर फार. डिसेंबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद हेच अंतर पोहून गेले, कारण होडीवाल्याला द्यायला पैसे नव्हते, असे तिथे सांगतात.

त्या वर्षी मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, गोवा असे करत ते दक्षिणेत उतरले होते. पुण्यात लोकमान्य टिळकांच्या घरी त्यांचा मुक्काम झाला होता. वाटेत पाहिलेले दारिद्र्य मनात घेऊनच ते या खडकावर बसले. पुढे मार्च १८९४ मध्ये अमेरिकेहून गुरुबंधूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या चिंतनाविषयी सांगितले आहे. संन्याशांनी गावोगाव जाऊन गरिबांना शिकवावे, ही योजना त्यांना इथे सुचली. म्हणजे या ध्यानाचा विषय स्वतःचा मोक्ष नव्हता, हे आपण लक्षात ठेवायला हवे.

स्मारक उभे राहिले ते एका मराठी माणसाच्या चिकाटीने. एकनाथजी रानडे मूळचे अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, रा. स्व. संघाचे सरकार्यवाह राहिलेले. या खडकावर स्थानिक ख्रिस्ती मच्छीमारांनीही हक्क सांगितला होता. वाद चिघळला होता, मद्रासचे मुख्यमंत्री भक्तवत्सलम यांचा विरोध होता. एकनाथजींनी मोर्चे काढले नाहीत. डिसेंबर १९६३ मध्ये दिल्लीत तीन दिवसांत निरनिराळ्या पक्षांच्या ३२३ खासदारांच्या सह्या त्यांनी मिळवल्या. ज्यांचा विरोध होता त्यांच्याशीही ते बोलत राहिले. अखेर परवानगी मिळाली.

पैसा कुठून आणायचा? सरकारांनी दिला, धनिकांनी दिला. पण सामान्य माणसाचा वाटा असावा म्हणून एकेक रुपयाची योजना निघाली. सुमारे तीस लाख लोकांनी रुपया-रुपया दिला. दगड होडीने नेऊन, घडवून, काम पुरे झाले आणि २ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले.

मंडपात स्वामीजींची उभी मूर्ती आहे. तिची नजर समोरच्या श्रीपाद मंडपाकडे, म्हणजे देवी कुमारीचे पाऊल मानल्या गेलेल्या खुणेकडे लागलेली. शेजारच्या खडकावर १३३ फुटी तिरुवल्लुवर उभे आहेत. त्यांच्या ‘कुरळ’चे अध्यायही १३३ आहेत. डिसेंबर २०२४ अखेर दोन्ही खडक काचेच्या पुलाने जोडले गेले. आता गर्दी तिथेच जास्त. मोबाइल वर करून माणसे पायाखालचा समुद्र टिपत असतात. त्यात वाईट काही नाही. पण खालचे ध्यानमंदिर पाहिल्याशिवाय परतू नये. अंधुक उजेड, समोर ‘ॐ’, आणि बोलायला मनाई. मी तिथे वीस मिनिटे बसलो.

बाहेर आल्यावर एकनाथजींची आठवण झाली. दगडाचे स्मारक झाले म्हणजे काम संपले, असे त्यांनी मानले नाही. १९७२ मध्ये त्यांनी विवेकानंद केंद्र सुरू केले. पुढे केंद्राने अरुणाचलात शाळा काढल्या. गावोगाव शिक्षण न्यायचे, ही तर त्या पत्रातलीच गोष्ट. तेव्हा कन्याकुमारीला जरूर जा, सूर्योदय पाहा, फोटो काढा. पण परतताना आपल्या गावातल्या एखाद्या मुलाच्या शिकण्याचा भार उचलायचे ठरवा. आपल्या आजी-आजोबांनी दिलेला रुपया तेव्हाच सार्थकी लागेल.