संकेतस्थळ आणि त्याचा कारागीर

(जिल्हा शाखेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मंडळाचे संकेतस्थळ तयार करवून घेण्याचे काम गतवर्षी ज्या समितीकडे सोपविले होते, तिच्या वतीने आम्ही चार शब्द बोलावयास उभे आहोत. हे काम आपणांपैकी कोणास येत नव्हते; सबब जालना शहरातील एका तरुण वेब डेव्हलपरास मोबदला ठरवून ते सांगितले.

ज्याने गवंड्याकडून घर बांधून घेतले आहे, त्यास हा व्यवहार अपरिचित वाटू नये. भिंती गवंडी उभारील. देवघर कोठे, हे घरधन्यानेच सांगावयाचे. पहिल्या पानावर अध्यक्षांचे छायाचित्र असावे की शिष्यवृत्तीचा अर्ज, यावर तीन बैठका झाल्या. अध्यक्षांनी स्वतःच शिष्यवृत्तीच्या बाजूने मत दिले, हे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

कामास विलंब लागला तो मजकुरामुळे. आठही तालुक्यांतून, अंबडपासून भोकरदनपर्यंत, माहिती येण्यास महिने गेले. जुन्या स्मरणिकांचा मजकूर ज्या टंकांत जुळविलेला होता, तो संकेतस्थळावर चढविताच अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. तो युनिकोडात आणून पुन्हा तपासावा लागला. आडनावांतील ऱ्हस्वदीर्घ डेव्हलपराने कोठून जाणावे? ते डोळे आपलेच हवेत.

आता व्यवहाराची गोष्ट. संकेतस्थळाचे नाव, ज्यास डोमेन म्हणतात, ते खरेदीखत नव्हे, मुदतीचा भाडेपट्टा आहे. नूतनीकरण चुकल्यास काही काळाने ते दुसरा कोणीही घेऊ शकतो. पुष्कळदा कारागीर तो पट्टा स्वतःच्या नावे करितो. त्यात लबाडीच असते असे नाही, सोयीपोटी घडते. परंतु उद्या तो पुण्यास नोकरीस गेला, तर किल्ली कोणाकडे मागावी? म्हणून नोंदणी मंडळाच्या नावे केली आणि परवलीचे शब्द कार्यवाह व कोषाध्यक्ष या दोघांपाशी ठेविले.

कायद्याची बाजूही पाहिली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा हक्क, उलट करार नसल्यास, मालकाचा असतो. बाहेरच्या स्वतंत्र कारागिराने रचिलेल्या संगणक-आज्ञावलीचा हक्क मात्र, पैसे चुकते केले तरी, प्रथम त्याचाच राहतो. तो मंडळाकडे यावयाचा तर सहीनिशी लेखी हस्तांतर पाहिजे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाचच वर्षांचे धरले जाते. आम्ही मुदत लिहून घेतली. डेव्हलपरांनीही संतोषाने सही केली. मात्र ठरल्याबाहेरच्या प्रत्येक बदलास वेगळा आकार पडेल, हे कलम त्यांनी घातले. ते आम्हांस रास्त वाटले.

सर्वांत मोठा वाद वधूवर सूचीचा. छापील सूची घरोघरच्या कपाटात राहते. संकेतस्थळावरील छायाचित्र व दूरध्वनी क्रमांक जगातील कोणीही उचलू शकतो. पुष्कळ पालकांस सर्व खुले हवे होते, मुलींस नको होते. समितीने मुलींचे ऐकले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला; ज्याची माहिती त्याची संमती, हे त्याचे मूळ सूत्र आहे. म्हणून सूची केवळ नोंदणीकृत सभासदांस दिसेल, आणि क्रमांक मागणी केल्यावरच मिळेल.

संमतिपत्राचे नमुने सभागृहाच्या दारापाशी ठेविले आहेत. त्यावर उपवर मुलामुलींची स्वतःची सही हवी. वडिलांची चालणार नाही.