प्रकल्पाचा विषय आणि इतिहासाचा प्रश्न



पर्वत पाटियाच्या परिसरातील मराठी घरच्या विद्यार्थ्यास इतिहासाचा प्रकल्प करावयाचा झाला, की ‘सुरतेची लूट’ हे शब्द त्याच्या ओठांवर आधीच उभे असतात. परंतु तो विषय नव्हे. ते एका घटनेचे केवळ नाव होय. घरी जिचा अभिमान बाळगावा, तीच घटना सुरती मित्राच्या घरी आपत्ती म्हणून सांगितली जाते. अशा मुलाने कोणाचे ऐकावे? त्याने प्रश्न विचारावा, आणि तो लहान असावा.

उदाहरणार्थ : १६६४ च्या जानेवारीत कोणाची घरे वाचली, आणि का?

तेव्हा शहराचा कोट मातीचा होता. विटांचा मागाहून झाला. शिवाजी महाराजांचा तळ पूर्वेस, बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरील बागेत पडला. नगराधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. वीरजी व्होऱ्यासारख्या धनाढ्याची संपत्ती लुटली गेली. इंग्रज व डच यांच्या वखारी शस्त्रांच्या बळावर टिकल्या. परंतु फादर अँब्रोज या कापुचिन साधूस धक्का लागला नाही, आणि डचांच्या एका दिवंगत दलालाचे घर तो दानशील होता म्हणून वगळले गेले, असे फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो.

न्यायशास्त्र शिकणारा येथे सहजच थबकेल. यांत प्रत्यक्ष कोणते आणि शब्द कोणता? बर्निएचे वृत्त ऐकीव. इंग्रज पाद्री एस्कॅलियट सुरतेत होता व त्याच महिन्यात त्याने नॉर्विचच्या टॉमस ब्राऊन यांस पत्र लिहिले. पण त्याचे पाहणे वखारीच्या बाजूचे. अँथनी स्मिथ हा इंग्रज तर छावणीतच बंदिवान होता. त्याची दृष्टी भयापासून मुक्त कशी असेल? सभासदाची बखर स्वकीयाची खरी, परंतु सुमारे तीस वर्षांनंतरची. आणि ज्या सामान्य सुरतकराचे घर गेले, त्याचा स्वतःचा शब्द या चौघांत कोठेच नाही. ही उणीव विद्यार्थ्याने झाकू नये. किंबहुना प्रकल्पाचे मोल तेथेच आहे.

आपल्या शास्त्रांत पूर्वपक्ष प्रतिपक्षाला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडावा लागतो. मराठी मुलाने सुरती मित्राचा पक्ष तसा मांडून पाहावा. त्यासाठी दोघांनी मिळून वहीत चार रकाने आखावेत, प्रत्येक साक्षीदारासमोर तो कोठे होता आणि केव्हा लिहिता झाला एवढेच आधी नोंदवावे, आणि शीर्षकात ‘लूट’ लिहावे की ‘स्वारी’, हा वाद सर्वांत शेवटी घालावा.