न मागता पुढे येणारा पेला
(पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून शिष्यवृत्त्या, परीक्षांचे निकाल, मुलींचे शिक्षण, इमारत निधी यांविषयी बोलण्याची आपली रीत आहे आणि ती योग्यच आहे. आज मी मात्र आपल्या मुलांच्या पेल्यात काय पडते, या विषयावर चार शब्द सांगणार आहे. विषय वरकरणी किरकोळ वाटेल. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने या देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचे दाखवून दिले. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी रोज सकाळी कोणी ना कोणी साखरेची गोळी घेत असेलच. अशा घरांतील मुलांच्या पेल्याकडे पाहणे हे शिक्षणाच्या बाहेरचे काम आहे, असे मला वाटत नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१८ साली एक लहानसा कायदा केला. तो समजण्यासाठी तिकडची एक पद्धत आधी ध्यानात घेतली पाहिजे. तिकडच्या झटपट जेवणाच्या उपाहारगृहांतून मुलांसाठी वेगळी थाळी मिळते. एका रंगीत खोक्यात पाव-कबाबासारखा एखादा पदार्थ, तळलेले बटाटे, एक पेय आणि बहुधा एक खेळणे. सगळ्यांची मिळून एकच किंमत. मॅकडोनाल्ड्स कंपनीने १९७९ साली असे खोके अमेरिकाभर आणले आणि पुढे ही चाल सर्वत्र पसरली. त्या खोक्याबरोबर येणारे पेय वर्षानुवर्षे साखरेचे शीतपेय असे. आईबापांनी ते निवडलेले नसे. ते थाळीतच असे, फलकावर त्याचे चित्र असे आणि त्याचे पैसे आधीच दिलेले असत. पैसे दिल्यावर पेला रिकामा कोण परत करतो?

कॅलिफोर्नियाच्या कायद्याने शीतपेय बंद केले नाही. त्याने एवढेच सांगितले की, मुलांच्या थाळीबरोबर फलकावर, खाद्ययादीत आणि जाहिरातीत दाखवायचे पेय हे साधे पाणी, साखर वा गोडी न घातलेले सोड्याचे किंवा स्वादाचे पाणी, बिनस्वादाचे दूध अथवा दुधाऐवजी चालणारे तत्सम पेय असले पाहिजे. गिऱ्हाइकाने आपण होऊन दुसरे काही मागितले तर ते देण्यास मनाई नाही. १ जानेवारी २०१९ पासून हा कायदा अमलात आला. नियम मोडल्यास पहिल्या वेळी नुसती नोटीस, दुसऱ्या वेळी २५० डॉलरपर्यंत आणि पुढे ५०० डॉलरपर्यंत दंड. त्याआधी २०१५ साली त्याच राज्यातील डेव्हिस या विद्यापीठाच्या गावाने असा नियम केला होता. पुढे हवाई, डेलावेअर, इलिनॉय या राज्यांनी आणि न्यूयॉर्क शहराने हीच वाट धरली. हवाईने फळांच्या शुद्ध रसालाही मर्यादित प्रमाणात जागा ठेवली.

येथे एक गमतीची गोष्ट सांगतो. याच कॅलिफोर्नियात २०१५ साली भीषण दुष्काळ होता आणि गिऱ्हाइकाने मागितल्याखेरीज उपाहारगृहाने पाणी पुढे ठेवू नये, असा सरकारी हुकूम निघाला होता. तीन वर्षांनी त्याच राज्याने मुलांच्या थाळीबरोबर पाणी किंवा दूधच आधी दाखवा, असा कायदा केला. आपल्या उडप्याच्या किंवा इराण्याच्या हॉटेलात पोऱ्या काही न विचारता पाण्याचे पेले आणून आदळतो, त्याचे मोल आपल्याला कधी कळलेच नाही!

आता कोणी म्हणेल, पाणी आधी दाखवले म्हणून काय झाले? ज्याला शीतपेय हवे तो मागणारच. हा आक्षेप व्यवहारी दिसतो, पण माणसाचा स्वभाव तसा नाही. जे न मागता पुढे येते ते बहुतेक माणसे स्वीकारतात, मग तो पेला असो की सरकारी अर्जावरची खूण. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या करमणूकनगरीत २००६ सालापासून मुलांच्या थाळीत शीतपेयाऐवजी कमी स्निग्धांशाचे दूध, रस किंवा पाणी आणि तळलेल्या बटाट्यांऐवजी फळे-भाज्या ठेवण्यात आल्या. मागितले तर जुने पदार्थ मिळतच होते. पुढे अभ्यासकांनी विक्रीचे आकडे तपासले, तेव्हा पेयाच्या बाबतीत सुमारे दोन तृतीयांश थाळ्यांमागे गिऱ्हाइकांनी पुढे आलेलेच पेय ठेवून घेतले होते. ही माणसे सुट्टीवर आलेली होती, मुलांचे लाड करण्यासाठीच आलेली होती, हे विसरू नका.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलाने काय प्यावे हे ठरवणे आईबापांचे काम आहे, सरकारने त्यात का पडावे? मला या आक्षेपाविषयी आदर आहे. परंतु पूर्वी तरी आईबाप कुठे ठरवत होते? कंपनीने ठरवलेले पेय ते पत्करत होते. कायद्याने आईबापांचा अधिकार काढून घेतलेला नाही. कंपनीने परस्पर केलेली निवड तेवढी बदलली आहे. मुलाला शीतपेय द्यायचे असेल तर आता आईला तोंडाने तसे म्हणावे लागते. म्हणताना ती क्षणभर विचार करते. खरी निवड म्हणायची तर हीच.

आता या कायद्याची दुबळी बाजू. मुलांच्या थाळीबाबत नियम केले की कंपन्या वाट काढतात, हा अनुभव आधीचा होता. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१० साली ठराव केला की, ठरावीक पोषणमूल्ये नसतील त्या थाळीबरोबर खेळणे फुकट देऊ नये. २०११ च्या डिसेंबरात तो लागू होताच मॅकडोनाल्ड्सने खेळण्याला दहा सेंट आकारण्यास सुरुवात केली आणि ते पैसे आपल्या धर्मादाय कामाला जातील असे जाहीर केले. खेळणेही राहिले, थाळीही राहिली आणि वर पुण्य पदरी पडले. पेयाबाबत मात्र कंपन्यांनी काही पावले स्वतःहून टाकली, हेही सांगितले पाहिजे. मुलांच्या फलकावरून शीतपेय काढण्याचे आश्वासन मॅकडोनाल्ड्सने २०१३ साली दिले. २०१५ साली वेंडीज आणि बर्गर किंग यांनी तसेच केले. टीकेच्या दडपणाखाली केले, असे म्हणा हवे तर.

खरी मेख फलकावर नसून गल्ल्यावर आहे. कॅलिफोर्नियाचा कायदा लागू होण्यापूर्वी आणि नंतर संशोधकांनी कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतील उपाहारगृहांना भेटी दिल्या. पूर्वी सुमारे दहातील एका ठिकाणचा फलक नियमाप्रमाणे होता. नंतर सुमारे दोन तृतीयांश ठिकाणचा झाला. हे यश लहान नाही. पण थाळी मागितल्यावर गल्ल्यावरच्या माणसाने काय विचारले? त्याचे बोलणे बदललेच नव्हते. “प्यायला काय देऊ?” असे विचारून तो मोकळा होत होता. कुठे रिकामा पेला हातात ठेवला जाई आणि समोरच्या यंत्राच्या तोट्यांतून हवे ते भरून घ्यायची मुभा असे. अनेक व्यवस्थापकांना असा काही कायदा आहे याचीच कल्पना नव्हती. भिंतीवर दूध आणि पाण्याची चित्रे आणि खाली पोराच्या हातात काळे गोड पाणी! कायदा कागदावरून भिंतीपर्यंत पोचला, भिंतीवरून माणसाच्या जिभेपर्यंत पोचला नाही. फलक छापायला एक दिवस पुरतो. गल्ल्यावरचा मुलगा मात्र दर चार-सहा महिन्यांनी बदलतो, त्याला शिकवायचे कोणी?

साखरेचा हिशेबही एकदा डोळ्यांसमोर ठेवा. अमेरिकेत मिळणाऱ्या कोकाकोलाच्या नेहमीच्या डब्यात ३९ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण साडेनऊ चहाचे चमचे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ साली दोन ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली, ती दिवसाला २५ ग्रॅमहून कमी. एक डबा फोडला की दीड दिवसाची साखर संपली. मुलांच्या थाळीतला पेला यापेक्षा लहान असतो हे खरे, पण मूलही लहानच असते.

आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्र सरकारने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांतून शीतपेये, चिप्स, बर्गर यांसारख्या पदार्थांना बंदी केली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या ५० मीटरांत अति साखर, मीठ व चरबीच्या पदार्थांची विक्री रोखली. २०२५ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. हे सारे नियम शाळेभोवती आहेत. मुलांच्या थाळीबरोबर हॉटेलवाल्याने आधी काय दाखवावे, याला ते हात लावत नाहीत. आणि आपल्या मुलांचा शीतपेयाशी संबंध हॉटेलापेक्षा घरच्या समारंभातच अधिक येतो. शादीची दावत असो, साखरपुडा असो की पाहुणा दारात आलेला असो, “थंडा आणा” म्हणताच बाटल्या उघडल्या जातात आणि मुलांच्या हाती त्या सर्वांत आधी पडतात. शरबत घरचे म्हणून निर्धास्त राहण्याचेही कारण नाही. साखर कोणी घोळली हे शरीर विचारत नाही.

म्हणून आपणांस माझी विनंती कायद्याची वाट पाहण्याची नाही. आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात, बक्षीस समारंभात, क्रीडा महोत्सवात मुलांच्या पुढे आधी काय ठेवायचे, हे आपण आजच ठरवू शकतो. माठ आणि स्वच्छ पेले दर्शनी भागात, ताक किंवा दूध त्याच्या शेजारी. ज्याला बाटलीच हवी त्याने मागावी, त्याला ती द्यावी, त्यावर प्रवचन करू नये. आणि कॅलिफोर्नियाचा धडा लक्षात ठेवून, वाढपाचे काम ज्या स्वयंसेवकांकडे असेल त्यांना आदल्या दिवशी एकत्र बसवून सांगावे: मुलाला “काय देऊ?” असे विचारू नका, “पाणी देऊ की ताक?” असे विचारा. पुढच्या महिन्यातील समारंभासाठी खरेदीची यादी कार्यालयात तयार होत आहे. ती छपाईला जाण्यापूर्वी पालक प्रतिनिधींनी एकदा नजरेखालून घालावी, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.