मानवी प्रथिन : प्रयोगशाळेतील व औषधातील



प्रयोगशाळेत तयार होणारे मानवी प्रथिन हा आजच्या भाषणाचा विषय. तो केवळ शास्त्रज्ञांचा वाटला, तरी शाळेचा वर्ग, गावचा दवाखाना आणि शासनाचे नियम या सर्वांशी त्याचा संबंध येतो. म्हणून एकाच प्रथिनाचा इतिहास मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते. तिच्यातून स्रवणारे वाढीचे संप्रेरक हे १९१ अमायनो आम्लांच्या साखळीचे प्रथिन होय. ते अपुरे पडल्यास मुलाची उंची खुंटते. मधुमेहावर डुकराचे इन्शुलिन उपयोगी पडत असे, कारण मानवी इन्शुलिनशी त्याचा फरक एकाच अमायनो आम्लाचा आहे. वाढीच्या संप्रेरकाचे तसे नाही. गाईचे किंवा डुकराचे संप्रेरक माणसावर परिणाम करीत नाही. त्यामुळे १९५८ पासून मृत व्यक्तींच्या ग्रंथी गोळा करून त्यांतून हे प्रथिन काढण्यात येऊ लागले. अनेक देशांतील हजारो मुलांना त्याचा लाभ झाला.

परंतु १९८५ साली अमेरिकेत असे उपचार झालेल्या काही तरुणांचा क्रॉइट्झफेल्ड-याकोब या मेंदूच्या असाध्य रोगाने मृत्यू झाल्याचे आढळून आले. काही ग्रंथींतून त्या रोगाचा संसर्ग औषधात उतरला होता. संसर्गानंतर रोग प्रकट होण्यास कित्येक वर्षे लागतात. त्यामुळे वापर थांबविल्यानंतरही मृत्यू होत राहिले. एकट्या फ्रान्समध्ये त्यांची संख्या शंभरावर गेली.

सुदैवाने दुसरा मार्ग तोपर्यंत खुला झाला होता. १९७३ साली कोहेन व बॉयर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी एका सजीवाचे जनुक जीवाणूच्या पेशीत घालून तेथे त्याच्या प्रती निर्माण करण्याची रीत दाखविली. १९७९ साली मानवी वाढ-संप्रेरकाचे जनुक, काही अंशी रासायनिक रीतीने जुळवून, ई. कोलाय या जीवाणूत घालण्यात आले. अनुकूल स्थितीत हा जीवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. टाकीतील असंख्य जीवाणू मानवी प्रथिन तयार करतात. नंतर पेशी फोडून ते वेगळे काढतात व शुद्ध करतात. ऑक्टोबर १९८५ मध्ये अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली. त्याच्या साखळीच्या आरंभी मेथिओनिन हे एक अमायनो आम्ल अधिक होते. जीवाणू आपल्या रीतीने काम करतो, याची ती खूण होती.

औषधापलीकडेही या पद्धतीचा मोठा उपयोग आहे. अशी अनेक मानवी प्रथिने आज संशोधनासाठी लहान कुप्यांतून मिळतात. रक्तातील एखाद्या प्रथिनाचे प्रमाण मोजताना तुलनेचे माप म्हणून, पेशी वाढविण्यासाठी, किंवा नव्या औषधाचा रेणू प्रथिनास कोठे चिकटतो हे पाहण्यासाठी ती वापरतात. आपल्या पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या संस्थांतून पेशींवर जे संशोधन चालते, त्या क्षेत्रातील ही नित्याची साधने होत.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे लिहिलेले असते, ती औपचारिकता नव्हे. ई. कोलायच्या आवरणाचे सूक्ष्म अंश प्रथिनात राहिले, तर परीक्षानळीतील एखादा प्रयोग कदाचित निभावून जाईल; माणसाच्या रक्तात मात्र तेच अंश ताप व गंभीर प्रतिक्रिया उत्पन्न करतात. औषधासाठी निर्जंतुकता, मात्रा, टिकाऊपणा आणि रुग्णांवरील परिणाम यांची स्वतंत्र परीक्षा होते. संशोधनाच्या कुपीची तशी परीक्षा झालेली नसते. म्हणून उंची किंवा स्नायू वाढविण्याच्या मोहाने कोणी अशी कुपी देऊ केली, तर ती टोचून घेणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

भारतात जनुक बदललेल्या जीवाणूंसंबंधी १९८९ साली पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली नियम करण्यात आले. असे काम करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती असणे आवश्यक आहे. अधिकाऱ्यांनी ही समिती कागदावरच राहणार नाही, हे पाहावे. शिक्षकांनी जीवाणू म्हणजे केवळ रोगजंतू नव्हेत, हे मुलांना या उदाहरणावरून पटवून द्यावे. लसीला शीतपेटी का लागते, हे पंचायत सदस्यांना ठाऊकच आहे. बहुतेक प्रथिनेही उष्णतेने अशीच निकामी होतात. गावात कोणी अनोळखी इंजेक्शने विकू लागल्यास सदस्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे.

मृतांच्या ग्रंथींवर अवलंबून असलेला उपचार जीवाणूंच्या साह्याने सुरक्षित झाला, ही विज्ञानाची मोठी कमाई आहे. परंतु ज्या मुलांचे प्राण गेले, त्यांनाही औषध म्हणूनच ते प्रथिन देण्यात आले होते, हे विसरून चालणार नाही. प्रथिन कशापासून आले, कसे शुद्ध झाले आणि कोणत्या कामासाठी तपासले गेले, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय समाजास लावणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.