बंदूक खोटी, भीती खरी



दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल हाती आले नाही, असा मुलगा महाराष्ट्रात विरळाच. पत्र्याचे ते पिस्तूल, टिकल्यांची लाल गुंडाळी आणि दारूचा उग्र वास यांत भिण्यासारखे कोणाला काही वाटत नसे. कारण ते खेळणे आहे हे पाहणाऱ्याला दुरूनच कळत असे. आजच्या विषयाचे मर्म नेमके येथे आहे. खेळण्याचे खेळणेपण खेळणाऱ्याला ठाऊक असून भागत नाही. ते पाहणाऱ्याला कळावे लागते. ते कळेनासे झाले की काय घडते, याचा दाखला अमेरिकेत आहे.

२२ नोव्हेंबर २०१४. ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहर. बारा वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा सार्वजनिक उद्यानात प्लास्टिकच्या गोळ्या उडविणारे नकली पिस्तूल घेऊन फिरत होता. खेळणे असल्याची खूण म्हणून नळीच्या टोकाशी असणारा नारिंगी भाग त्यावर नव्हता. एका नागरिकाने पोलिसांना दूरध्वनी केला. पिस्तूल बहुधा खोटे असावे, असेही त्याने सांगितले. पण ते शब्द घटनास्थळी निघालेल्या पोलिसांपर्यंत पोहोचले नाहीत. गाडी आली आणि अवघ्या दोन सेकंदांत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचा मृत्यू झाला. पोलिसांच्या वर्तनावर तेथे प्रचंड वादंग माजले. २०१६ मध्ये शहर प्रशासनाने कुटुंबाला साठ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. डॉलर मिळाले, मुलगा परत आला नाही.

अशी वस्तू मुलांच्या हाती पोहोचते कशी? पूर्वी खरेदीच्या वाटेवर दुकानाचा एक लाकडी फळा आडवा असे. फळ्यापलीकडे दुकानदार उभा असे आणि त्याला डोळे असत. समोरचे गिऱ्हाईक केवढे आहे, एकटे आले आहे की वडिलांबरोबर, हे तो पाही. प्रसंगी ‘घरच्यांना घेऊन ये’ असे बजावी. संगणकावरील बाजारपेठेने हा फळाच काढून टाकला. तेथे वय म्हणजे एका चौकटीत केलेली खूण. खऱ्या बंदुकीच्या बाबतीत हा धोका लवकर ओळखला गेला. ‘ई-बे’ या लिलावपेठेने १९९९ मध्येच बंदुकांची विक्री बंद केली. प्रतिकृती मात्र ‘खेळणे’ किंवा ‘शोभेची वस्तू’ या नावाखाली सहज खपून जाते.

ब्रिटनने या प्रश्नाचा विचार बारकाईने केला. तेथील संसदेने २००६ मध्ये हिंसक गुन्ह्यांना आळा घालणारा कायदा संमत केला आणि १ ऑक्टोबर २००७ पासून त्यातील दोन महत्त्वाची कलमे लागू झाली. पहिले हवाई बंदुकांविषयी. मागणी दुरून नोंदविता येईल. पण व्यापारी विक्रीत ती वस्तू ग्राहकाच्या हाती पडताना नोंदणीकृत विक्रेता समोरासमोर असलाच पाहिजे. टपालाने थेट घरी धाडण्याची सोय संपली. खरेदीचे किमान वयही सतरावरून अठरा झाले. दुसरे कलम प्रतिकृतींचे. हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुकांची निर्मिती, आयात आणि विक्री हा गुन्हा ठरला. लाल, पिवळा, हिरवा, गुलाबी अशा भडक रंगांच्या किंवा पारदर्शक बंदुका त्यातून वगळल्या. कारण त्यांना कोणी खरे समजणार नाही. थोडक्यात, पहिल्या कलमाने दुकानाचा हरवलेला फळा परत आणला आणि दुसऱ्याने खेळण्याला त्याचे खेळणेपण परत दिले. स्कॉटलंड आणखी पुढे गेले. २००५ मध्ये ग्लासगो येथे हवाई बंदुकीच्या छऱ्याने दोन वर्षांचे एक बालक दगावले होते. त्यानंतर झालेल्या दीर्घ मंथनातून २०१५ चा कायदा आला आणि २०१६ च्या अखेरीस तेथे हवाई बंदुकीलाही परवाना आवश्यक झाला.

केवळ कायदा करून मात्र भागत नाही. न्यूयॉर्क राज्यात काळ्या, निळ्या वा रुपेरी रंगाच्या हुबेहूब खेळण्यांवर निर्बंध होते. तरीही २०१५ मध्ये तेथील महाधिवक्त्यांच्या चौकशीत अशी ६,४०० हून अधिक खेळणी त्या राज्यात विकली गेल्याचे उघड झाले. वॉलमार्ट, ॲमेझॉन, सिअर्स यांसारख्या बड्या विक्रेत्यांना मिळून तीन लाख डॉलरहून अधिक दंड भरावा लागला. बाजारपेठ केवढीही मोठी असो, तिच्यावर पहारा नसेल तर नियम कागदावरच राहतो.

भारतातही पाया घातला गेला आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी रेषा आखली: २० ज्यूलहून अधिक ऊर्जेच्या किंवा ४.५ मिलिमीटरहून अधिक व्यासाच्या हवाई शस्त्राला परवाना हवा. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्याचे नाव-पत्ता ग्राहकाला दाखविण्याचे बंधन बाजारपेठांवर घातले. पण रेषेच्या अलीकडची बंदूक निरुपद्रवी असते, हा भ्रम आहे. तिचा छरा डोळा कायमचा घालवू शकतो आणि पाखराचा जीव घेऊ शकतो. अरुणाचल प्रदेशाने हे ओळखले. २०२१ मध्ये तेथे हवाई बंदुका स्वेच्छेने शासनाकडे सोपविण्याचे अभियान सुरू झाले. पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणाऱ्या गावांतील लोकांनी पक्ष्यांसाठी आपल्या बंदुका खाली ठेवल्या. त्या वर्षाच्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या उपक्रमाचा गौरव केला. दंडुक्याने जे साधत नाही ते समाजाने मनावर घेतले की साधते, याचे हे बोलके उदाहरण.

मग नेमबाजीचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. बीजिंगला २००८ मध्ये अभिनव बिंद्राने देशाला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले ते दहा मीटर हवाई रायफलमध्येच. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये त्याच प्रकारात विश्वविजेता झाला. या खेळाला धक्का लागता कामा नये आणि विवेकी निर्बंधाने तो लागतही नाही. ब्रिटिश कायद्याने नाटक, चित्रपट, वस्तुसंग्रहालये आणि ऐतिहासिक प्रसंगांची प्रात्यक्षिके यांना सवलत ठेवली आहे. नेमबाज घडतो तो प्रशिक्षकाच्या नजरेखाली. पहिला धडा असतो तो बंदूक कधी उचलू नये याचा. खोक्यातून घरी आलेली बंदूक हा धडा देत नाही.

सारांश एवढाच. शासनाने समोरासमोर विक्रीचा आणि रंगाच्या खुणेचा नियम आणावा, बाजारपेठांनी तो पाळावा. पण त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मागणी नोंदविणारा भ्रमणध्वनी वडिलांचा असतो, पैसे आईच्या खात्यातून जातात आणि खोके घराच्याच दारात येते. दुकानदाराची ती नजर आता आईवडिलांनी आपल्याकडे घ्यायची आहे. मुलाने मागितलेली वस्तू दुरून पाहणाऱ्याला काय वाटेल, एवढा एकच प्रश्न खरेदीपूर्वी घरात विचारला गेला, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.