कॅमेरा कुणावर रोखलाय?

(अभ्यासवर्गातल्या भाषणाचा मजकूर)



वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्यावर बोलायचं म्हटल्यावर मागच्या रांगेतले काहीजण हसले. म्हणाले, हा मोटारवाल्यांचा प्रश्न, आपल्याकडं कुठाय मोटार? नाही, म्हणूनच बोलायचं.

२०२२ साली या देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. सरकारचाच आकडा. त्यातली शेकडा ७१ अतिवेगाच्या खात्यावर मांडलीत. मेले कोण? शेकडा ४४ दुचाकीवरचे, जवळजवळ २० पायी चालणारे. डोक्यावर पाटी घेऊन हायवे ओलांडणारी बाई त्यात आली. तेव्हा 'कॅमेरे म्हणजे सरकारचा गल्ला' अशी बोंब मोटारवाले मारतात, तिच्यात आपण सूर मिसळायचं कारण नाही. वेगाला लगाम हवाच.

पण म्हणून सरकारच्या हाती कोरा चेक द्यायचा? शिकागो शहर बघा. तिथं २०१३ पासून शाळा-बागांजवळ कॅमेरे लावले. पोरांच्या जिवासाठी, असं सांगून. २०२१च्या मार्चपासून मर्यादेपेक्षा ताशी ६ मैल जास्त गेलं तरी ३५ डॉलर दंड सुरू झाला. २०२२ साली पत्रकारांनी पावत्यांचा हिशेब काढला. काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांतल्या घरांना गोऱ्या वस्त्यांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात दंड! कॅमेऱ्याला तर कातडीचा रंग दिसत नाही. मग? भानगड रस्त्यात होती. काळ्यांच्या वस्तीतून रुंद, सरळसोट रस्ते काढलेले, फुटपाथ धड नाही. असा रस्ता गाडी पळवायलाच सांगतो, आणि पळवली की पावती फाडतो. गोऱ्यांच्या दाट वस्तीत अरुंद रस्ताच वेग आवरतो. म्हणजे आधी वस्ती नासवायची, मग नासवल्याचा दंड तिच्याकडनंच वसूल करायचा. ओळखीचं वाटतंय ना?

तिथल्या विद्यापीठाच्या अभ्यासात अपघात कमी झाल्याचंही दिसलं, हे लपवायचं नाही. पण काही कॅमेऱ्यांच्या जागी फरकच दिसला नाही. ते मग कशासाठी उभे होते? त्याच शहरात सिग्नलच्या कॅमेऱ्यांच्या कंत्राटात लाच खाल्ली म्हणून २०१६ साली पालिकेच्या एका माजी अधिकाऱ्याला दहा वर्षांची कैद झाली. हप्ता काय फक्त नाक्यावरचा हवालदारच घेतो?

आता आपल्याकडं. २०१९च्या दुरुस्तीनं हलक्या गाडीला अतिवेगाचा दंड १ हजार ते २ हजार. भाड्याचा टेम्पो चालवणाऱ्याची ती दोन-तीन दिवसांची कमाई, बिल्डरच्या पोराचा एका रात्रीचा चहा-पाणी. याला समान न्याय म्हणतात! फिनलंडमध्ये मोठ्या वेगभंगाचा दंड मिळकतीवर ठरतो. २०२३ साली तिथल्या ऑलंड बेटांवर ५०च्या हद्दीत ८२नं गेलेल्या एका कोट्यधीशाला १ लाख २१ हजार युरो भरावे लागले.

२०२१च्या नियमानं कॅमेऱ्याआधी इशाऱ्याचा फलक ठळक लावायला हवा, चलनाची नोटीस १५ दिवसांत पाठवायला हवी. किती ठिकाणी फलक झाडामागं दडलाय, ते पोरांनी जाऊन बघायचं. फोटो काढायचे. आपल्या वस्तीसमोर माणसं कुठं मेली त्या जागा नकाशावर मांडायच्या, कॅमेरे कुठंयत तेही मांडायचं. दोन्ही खुणा जुळत नसतील तर तो नकाशा घेऊन आरटीओच्या दारात बसायचं, आणि दंडाच्या पैशातनं आधी फुटपाथ, गतिरोधक अन् दिवा मागायचा. येत्या रविवारी सकाळी सात वाजता हायवेच्या कडेला जमू. वही-पेन्सिल आणा.