सकाळी साडेआठची लढत



टोकियोच्या र्योगोकु भागात कोकुगिकान नावाचं सूमोचं सभागृह आहे. सुमारे अकरा हजार माणसं बसतील एवढं मोठं. स्पर्धेच्या दिवसांत संध्याकाळी पाच-साडेपाचला तिथे पाय ठेवायला जागा नसते. टीव्हीवर आपण जे सूमो पाहतो ते त्या वेळचं. रेशमी लंगोट, मिठाची उधळण, योकोझुनाचा, म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या मल्लाचा, रुबाब, वर छतापाशी विजेत्यांच्या भल्यामोठ्या तसबिरी. पण त्याच आखाड्यावर त्याच दिवसाची पहिली लढत सकाळी साडेआठच्या सुमाराला होऊन गेलेली असते. तेव्हा खुर्च्या रिकाम्या असतात. झाडलोट चालू असते. पुकारा झाला की दोन मल्ल चढतात, वाकतात, भिडतात आणि काही सेकंदांत एक जण रेषेबाहेर जातो. तो नमस्कार करून खाली उतरतो. टाळी वाजलीच तर ती कुठून वाजली हे बोटाने दाखवता येतं.

आज मला या माणसाबद्दल बोलायचं आहे, सकाळी हरून खाली उतरणाऱ्या. त्यातही जो वर्षानुवर्षं हरतो आणि दोन महिन्यांनी पुन्हा उभा राहतो, त्याच्याबद्दल.

सूमोची उतरंड आधी थोडक्यात सांगतो. व्यावसायिक मल्ल आज सुमारे सहाशे आहेत. त्यांचे सहा विभाग. सर्वांत वर माकुउची, त्यात ४२ जण. त्याखाली जुर्यो, त्यात २८. या सत्तर जणांना दरमहा पगार मिळतो. त्यांच्याखाली माकुशिता, सानदानमे, जोनिदान आणि अगदी तळाला जोनोकुची. या चार विभागांत पाचशेहून अधिक मल्ल आहेत आणि त्यांतल्या एकालाही पगार नाही. वर्षातून सहा स्पर्धा होतात: टोकियोत तीन, ओसाका, नागोया आणि फुकुओका इथे एकेक. प्रत्येक स्पर्धेमागे त्यांना एक भत्ता मिळतो. २०१९ साली ही रक्कम वाढवण्यात आली, तेव्हा तळाच्या मल्लासाठी ती ७७ हजार येन झाली. म्हणजे दोन महिन्यांना ७७ हजार. त्याच वेळी जुर्योतल्या मल्लाचा पगार महिन्याला ११ लाख येन झाला. मधे एकाच पायरीचं अंतर असलं, तरी माकुशिताच्या शेंड्यावरचा मल्ल हात पसरून जगतो आणि जुर्योतला शेवटचा मल्लही स्वतःच्या खोलीत झोपतो.

फरक पैशापुरता नाही. खालचा मल्ल हेयात, म्हणजे आपल्या भाषेत तालमीत, मोठ्या खोलीत बाकीच्यांबरोबर अंथरूण टाकतो. पहाटे उठून सराव करतो, मग वरच्या मल्लांसाठी स्वयंपाक करतो, त्यांना वाढतो, आणि त्यांचं झालं की उरलेल्यात जेवतो. वरच्या मल्लाचं सामान उचलणं, पाठ चोळणं, कपडे धुणं हेही त्याच्याकडेच. जानेवारीच्या थंडीत तळाच्या दोन विभागांतल्या मल्लाला सुती युकाता आणि लाकडी खडावा एवढीच मुभा. अंगावर कोट घालायचा तर माकुशितापर्यंत चढावं लागतं. आखाड्यावर मीठ उधळायचा मानही सकाळच्या मल्लाला नाही.

वरच्या दोन विभागांतल्यांना पंधरा दिवसांत पंधरा लढती, खालच्यांना सात. सातांपैकी चार जिंकल्या की पुढच्या वेळी वर सरकायचं, चार हरल्या की खाली. आणि जोनोकुचीच्या खाली काहीच नाही. तिथे साती लढती हरलेला मल्ल पुढच्या स्पर्धेतही तिथेच असतो. त्याला कोणी काढत नाही. एकच अट असते, त्याने आखाड्यावर चढलं पाहिजे. संपूर्ण स्पर्धा गैरहजर राहिला तर त्याचं नाव क्रमवारीच्या पत्रकावरून जातं. एक जरी लढत लढला, हरला तरी, नाव टिकतं.

हे पत्रक म्हणजे बान्झुके. सूमोचे पंच ते कुंचल्याने हाताने लिहितात. योकोझुनाचं नाव वर, जाड आणि ठसठशीत. खाली उतरावं तशी अक्षरं बारीक होत जातात. तळाच्या ओळीतली नावं इतकी अरुंद की वाचायला भिंग लागावं. पण कागद एकच. सर्वांत थोर मल्ल आणि सर्वांत दुबळा मल्ल एकाच कागदावर, एकाच हाताने लिहिलेले. गावाकडे आईवडिलांच्या घरी तो कागद जातो तेव्हा ते वरून वाचायला सुरुवात करत नसतील, असं मला वाटतं.

आता एका मल्लाची हकीकत सांगतो. हात्तोरीझाकुरा. २०१५ साली कानागावा प्रांतातून सूमोत आला, शिकिहिदे तालमीत. अंगाने सडपातळ. या धंद्यात शंभर-सव्वाशे किलोचा माणूसही हलका समजतात, हे ध्यानात घ्या. २०१६ मध्ये एका लढतीत समोरच्या जाडजूड मल्लाला पाहून तो भिडण्याआधीच स्वतः खाली पडला. त्याचं चित्रण जपानभर पसरलं. लोक हसले, त्याला बोलणी बसली. मग तो हरत राहिला. ओळीने ८९ लढती तो हरला, आधुनिक सूमोत याआधी कोणी हरलं नव्हतं इतक्या. मधे एकेक विजय मिळाला, आणि शेवटच्या विजयानंतर पुन्हा ओळीने शंभराहून जास्त पराभव. नाव बदलून त्याने शोनानझाकुरा असं घेतलं, पण निकाल बदलले नाहीत. २०२१ साली तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या खात्यावर तीन विजय होते आणि दोनशे तीसहून अधिक पराभव.

तीन विजय. सहा वर्षांत तीन.

पण या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. खालच्या विभागांत जोड्या लावण्याची पद्धत अशी आहे की सारखा निकाल असलेल्यांना एकमेकांसमोर उभं करतात. सर्व जिंकलेला सर्व जिंकलेल्याशी, सर्व हरलेला सर्व हरलेल्याशी. म्हणजे स्पर्धेच्या अखेरच्या दिवसांत या मुलासमोर जो उभा राहत होता, तोही बहुतेक वेळा सगळ्या लढती हरूनच आलेला होता. त्या लढतीकडे नीट पाहा. दोघांनाही एकच विजय हवा आहे आणि दोघांपैकी एकालाच तो मिळणार. वर योकोझुना चषकासाठी लढतो तेव्हा त्याच्या मनात जे काही असेल, ते या दोघांच्या मनात त्याहून कमी असेल असं मी मानायला तयार नाही. या मुलाने पहिल्यांदा घाबरून अंग टाकलं होतं. पुढच्या काळात तो शेकडो वेळा त्याच रेषेवर जाऊन उभा राहिला. जो भ्याला तो परत आला, आणि परत येत राहिला. मला यात पराक्रम दिसतो.

योगायोग पाहा. ज्या शिकिहिदे तालमीत तो शिकला, ती ओशिओ नावाच्या मल्लाने उभी केली. ओशिओ कारकिर्दीत १८९१ लढती लढले. ९६४ जिंकले, ९२७ हरले. अगदी वरच्या विभागात नावारूपाला आलेल्या मल्लाचा हा हिशेब आहे. मंगोलियाहून आलेले क्योकुतेन्हो २०१२ च्या मे महिन्यात वयाच्या ३७ व्या वर्षी स्पर्धा जिंकून विजेते झाले. तेही २०१५ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. सूमोत लढत बरोबरीत सुटत नाही. प्रत्येक लढतीत एक जिंकतो आणि एक हरतो, त्यामुळे दिवसाअखेर जितके विजय तितकेच पराभव. कोणाच्या वाट्याला विजय जास्त आले, तर तेवढेच पराभव दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जातात. ते घेणारा माणूस लागतोच.

आपल्याकडच्या तालमीत हे सर्वांना ठाऊक असतं. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत नाव कमावलेल्या पैलवानामागे त्याच्याशी रोज लढत करणारे, रोज खाली पडणारे चार-सहा जण असतात. मैदानात त्यांची कुस्ती पुकारली जात नाही, पण वस्तादाला त्यांची किंमत माहीत असते.

सूमोत तर अशा माणसांची नावं इतिहासाने जपली आहेत. इचिनोया हे तोकुनोशिमा बेटावरचे. र्युक्यु विद्यापीठातून भौतिकशास्त्र शिकले. सरकारी विद्यापीठाची पदवी घेऊन सूमोत आलेले ते पहिले. शिक्षकी पेशात जाऊन सुखाने राहिले असते. १९८३ मध्ये सूमोत उतरले आणि २००७ पर्यंत, म्हणजे वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत लढत राहिले. सानदानमेच्या वर ते कधीही गेले नाहीत. चोवीस वर्षांत एक येनसुद्धा पगार नाही. इचिनोयांच्या तालमीत त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असा मंगोलियाचा एक पोरगा आला आणि बघता बघता योकोझुना झाला, तो आसाशोर्यु. निवृत्तीनंतर इचिनोयांनी ही ताकासागो तालीम सोडली नाही, तिथेच व्यवस्थापक म्हणून काम सांभाळलं.

त्यांच्याहीपेक्षा लांब पल्ला हानाकाझे यांचा. जन्म १९७० चा. १९८६ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा उतरले, २०२२ च्या जानेवारीत शेवटची स्पर्धा लढले. तेव्हा वय ५१. तेही सानदानमेपर्यंतच पोचले. त्यांच्या तात्सुनामी तालमीत २०१८ साली एक मंगोलियन तरुण पहिली स्पर्धा लढला, होशोर्यु. तो २०२५ मध्ये योकोझुना झाला. तो नवखा होता तेव्हा हानाकाझे सत्तेचाळीस वर्षांचे होते, त्याच छपराखाली राहत होते आणि त्याच मातीवर घाम गाळत होते.

अशी माणसं का टिकतात, हा प्रश्न विचारला जातो. विजयाच्या आशेने टिकतात हे उत्तर मला अपुरं वाटतं. तालमीत त्यांना काम असतं आणि त्या कामात त्यांचा हात बसलेला असतो. कोणी चांकोच्या, म्हणजे मल्लांच्या जेवणाच्या, हंड्यावरचा प्रमुख असतो, वीस-तीस जणांचं जेवण त्याच्या अंदाजावर शिजतं. कोणी सूमोची पारंपरिक गाणी गातो. दौऱ्यावर विनोदी लढत करून दाखवणारी जोडी असते, तीही खालच्याच विभागांतली. दिवसाची शेवटची लढत संपल्यावर धनुष्य फिरवण्याचा विधी होतो. तो करणारा बहुधा माकुशितातला किंवा त्याहून खालचा मल्ल असतो. त्या काही मिनिटांपुरता त्याला वरच्या मल्लासारखा अंबाडा आणि भरजरी पट्टा मिळतो. शिवाय नवीन पोरगं रात्री घरच्या आठवणीने रडतं तेव्हा त्याला समजावणारं कोणीतरी लागतं, आणि ते काम योकोझुना करत नाही.

याच देशात हारु उरारा नावाची एक घोडी प्रसिद्ध झाली होती. जपानमधल्या कोचीच्या शर्यतींत ती ११३ वेळा धावली आणि एकदाही जिंकली नाही. २००४ च्या मार्चमध्ये जपानचा सर्वांत नावाजलेला जॉकी युताका ताके तिच्यावर बसला, तरीही ती अकरांत दहावी आली. लोकांनी तिच्या हरलेल्या तिकिटांचे ताईत केले. मला ती गर्दी समजते, पण हात्तोरीझाकुराला त्या घोडीच्या रांगेत बसवणं मला मान्य नाही. घोडीला कोणी विचारलं नव्हतं. हा मुलगा दर वेळी स्वतः चढत होता. त्याच्या हरण्याचं कौतुक करून आपण मन हलकं करतो, पण त्याला काय मिळतं?

आणि हा प्रश्न भावनेचा नाही. २०२१ च्या मार्चमध्ये हिबिकिर्यु नावाचा सानदानमेतला मल्ल लढतीत डोक्यावर पडला. कित्येक मिनिटं तो आखाड्यावर पालथा पडून होता, मदत लगेच आली नाही. महिन्याभराने रुग्णालयात तो वारला. वय २८. मान मोडायची तर ती पगार पाहून मोडत नाही. सकाळच्या लढतीतला धोका संध्याकाळच्या लढतीएवढाच आहे.

नवीन मुलं येणंही कमी झालं आहे. १९९२ च्या मार्चमध्ये एकाच वेळी १६० जण भरती झाले होते. १९९४ मध्ये मल्लांची संख्या ९४३ होती. आज ती सहाशेच्या आसपास आहे. २०२३ मध्ये सूमो संघटनेने उंची आणि वजनाची किमान अट शिथिल केली, लहान चणीच्या मुलांना दार उघडलं. हे चांगलंच झालं. पण दारातून आत आलेल्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला जुर्यो कधीच येणार नाही, हे संघटनेला पुरतं माहीत आहे. त्यांच्यावाचून तालमी चालणार नाहीत, हेही माहीत आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जो माणूस वर्षात बेचाळीस वेळा आखाड्यावर चढतो आणि उरलेले दिवस तालीम चालवतो, तो उमेदवार नाही, कामगार आहे. तो किती लढती जिंकला हे न बघता जपानच्या सूमो संघटनेने त्याला दरमहा पगार दिला पाहिजे.